बैलजोडी, झोपडी आणि निळं बटण

मी दिवसभर ॲपच्या स्क्रीन बनवतो. बटण कुठे हवं, आयकॉन कसा हवा, यावर आमच्या टीममध्ये तासन्‌तास वाद चालतात. म्हणून आज एका जुन्या डिझाइनची गोष्ट. याचे यूजर होते १७ कोटींहून जास्त!

साल १९५१-५२. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक. दर शंभर मतदारांत पंचाऐंशीच्या आसपास लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या हातात नावांची यादी देऊन काय उपयोग? मुख्य निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. आयोगाने मदतीला घेतली चित्रं: बैलजोडी, झोपडी, झाड, हत्ती, दिवा. सगळ्या रोजच्या बघण्यातल्या गोष्टी, आणि प्रत्येकीचा आकार वेगळा. घाईत बघितलं तरी बैलजोडीची झोपडी होत नाही.

शिक्का मारायची भानगडच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकली, की झालं. पण जितके उमेदवार तितक्या पेट्या. म्हणून १९६२ पर्यंत सगळी नावं आणि चिन्हं एकाच कागदावर आली, सोबत शिक्काही.

आता यातली बोचणारी गोष्ट. मतदार याद्या करताना नाव विचारलं, तर अनेक बायकांनी सांगितलं, "अमक्याची बायको", "तमक्याची आई". परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायची रीतच नव्हती. आयोगाला मात्र खरं नाव हवं होतं. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. चिन्हं त्यांना नक्की कळली असती, पण त्या चिन्हांपर्यंत पोहोचल्याच नाहीत.

पुढे ईव्हीएम आलं. १९८२ मध्ये केरळच्या परूरमध्ये ५० केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरलं गेलं. त्याच्या डिझाइनमध्ये आपल्या पवईच्या आयआयटीतल्या डिझाइनच्या प्राध्यापकांचा हात होता. ओळखीची मांडणी तशीच राहिली: नाव, चिन्ह आणि शेजारी निळं बटण. दाबलं की लाल दिवा आणि लांब बीप. आता व्हीव्हीपॅटची चिठ्ठीही ७ सेकंद दिसते. 'मत पोहोचलं' हे न वाचताही कळतं.

मला विचाराल, तर यूजर-फ्रेंडलीची परीक्षा बटणाच्या रंगात नाही, फॉर्मच्या पहिल्या रकान्यात आहे. तिथे विचारलेला प्रश्न समोरच्याला कळला नाही, तर पुढची सुंदर स्क्रीन त्याच्यासाठी नसतेच. तुमच्या आजीला आधी विचारून बघा, कुठलं ॲप तिला पहिल्याच प्रश्नाला अडवतं!