बहात्तर सभासदांची इमारत

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते डिसेंबर १८८४ मध्ये बसली. प्रत्यक्ष कामाला हात लागायला मात्र १८८९ उजाडलं. मधली वर्षं आराखड्याच्या घोळात गेली. मद्रासचे वास्तुविशारद चिझम की समोरचं व्हिक्टोरिया टर्मिनस उभारणारे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स? अखेर सरशी स्टीव्हन्स यांची झाली. १८९३ मध्ये २३५ फुटी मनोऱ्यासह इमारत पूर्ण झाली आणि मंजूर ११ लाख ८८ हजारांतले ६८ हजार रुपये शिल्लक राहिले. पालिकेच्या कामात पैसे उरले, हे वाचून आजचा मुंबईकर डोळे चोळेल.

ही इमारत ज्यांच्यासाठी बांधली, ती मंडळी मोजकी होती. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यानं सभासदसंख्या ७२ ठरवली होती. सभागृह सुमारे ६५ फूट लांब आणि ३२ फूट रुंद. आज नगरसेवक आहेत २२७, म्हणजे माणशी नऊ चौरस फूट. आणि त्यातच बाकं, महापौरांचं आसन, अधिकारी, शिपाई. आगीच्या वेळी एवढी माणसं किती दरवाज्यांतून आणि किती मिनिटांत बाहेर पडतील, हा हिशेब स्टीव्हन्स यांना कोणी विचारला नसणार.

विजेचंही तेच. शहराला वीज पुरवणारी बेस्ट कंपनी स्थापन झाली १९०५ साली. आधी पंखे-दिवे आले, पुढे एसी, कॉम्प्युटर, सर्व्हर, आणि दर वेळी नव्या वायरींचं एक जाळं जुन्या भिंतींवरून धावलं. त्याला जोड सरकारी कागदाची. फायलींचे गठ्ठे, लाकडी कपाटं, पार्टिशनं हे सगळं चांगलं जळणारं सामान. २१ जून २०१२ रोजी मंत्रालय पेटलं, तेव्हा कार्यालयातली आग कशी पसरते हे साऱ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. मंत्रालय तर तुलनेनं नवं.

अग्निसुरक्षेचा राज्याचा कायदा २००६ चा. आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, देणं त्यानं बंधनकारक केलं. नव्या टॉवरला हे सोपं जातं. वारसा इमारतीत अग्निशमन अधिकारी म्हणतो, दरवाजा बाहेर उघडायला हवा. वारसा समिती म्हणते, सागवानी दरवाज्याला हात लावू नका. कोरीव छताखालून पाण्याचा लाल पाइप न्यायचा तर छताची शोभा जाते आणि नाही न्यायचा तर एक दिवस छतच जायचं. मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५ पासून वेगळे नियम आहेत, त्यामुळे अशा एकेका दरवाज्यावर टिपणं लिहिली जातात. वास्तूच्या नावाखाली सुरक्षेला सवलत मागणाऱ्यांची बाजू यात लंगडी वाटते. जळून गेलेल्या वारशाचं जतन कोण करणार?

पायऱ्यांचा प्रश्न मात्र त्याहून अवघड. मुख्यालयाच्या मधल्या घुमटाखालचा जिना पाहणाऱ्याला दिपवण्यासाठीच बांधला होता. चाकाच्या खुर्चीतून आलेल्या माणसाला तो खालूनच पाहावा लागतो. रॅम्पचं सर्वसाधारण प्रमाण एकास बारा: चार फुटांची उंची चढायची तर अठ्ठेचाळीस फूट उतार, वर वळणाशी थांबायला सपाट जागा. एवढी लांबी रस्त्याला चिकटलेल्या जुन्या इमारतीपुढे सहसा मिळत नाही. मग रॅम्प मागच्या बाजूला जातो, मोटारी आणि कचऱ्याच्या डब्यांच्या सोबतीला. दगडाला भोक न पाडता नुसता टेकवलेला, उद्या काढून घेता येईल असा धातूचा रॅम्प किंवा बाजूच्या चौकात बसवलेली लिफ्ट, हे मार्ग जतनाच्या शास्त्राला मान्य आहेत. ते पुढच्या दारापाशी वापरायचं धाडस हवं.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा याबाबत स्पष्ट आहे. नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सर्वांना वावरता येतील अशा करायच्या होत्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये, मुदत सरली जून २०२२ मध्ये. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रातुरी खटल्यात नियम १५ चा पहिला भाग कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातले निकष शिफारशीसारखे होते. तीन महिन्यांत बंधनकारक निकष करा, असा आदेश केंद्राला दिला.

दरम्यान, २०२१ पासून मुख्यालयात पर्यटकांसाठी हेरिटेज वॉक सुरू झाला. नावाप्रमाणेच, तो चालणाऱ्यांसाठी आहे.