बिग बाजारच्या जागेचं काय झालं?

भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर जाऊन नागपूरच्या बिग बाजारात खरेदी करण्याची हौस आपल्यापैकी अनेकांनी भागवली आहे. किशोर बियाणींनी २००१ मध्ये सुरू केलेली ही दुकानं बंद पडली, पण जागा ओस राहिल्या नाहीत. ते कसं?

ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सने २४,७१३ कोटींना फ्यूचर समूहाचा व्यवसाय घ्यायचं ठरवलं. अ‍ॅमेझॉन आडवं आलं. कोर्टकचेऱ्यांत वर्ष-दीड वर्ष गेलं, इकडे दुकानांचं भाडं थकलं. रिलायन्सने अनेक जागामालकांशी थेट करार केले, त्याच जागा फ्यूचरला पोटभाड्याने दिल्या आणि फेब्रुवारी २०२२ पासून ताबा घेतला. कसेल त्याची जमीन ऐकलं होतं. इथे भाडं भरेल त्याचं दुकान! एप्रिलमध्ये मूळ सौदा मोडला, तरी अनेक ठिकाणी ‘स्मार्ट बाजार’ची पाटी लागली. मालकांना भाडं मिळालं. बँका मात्र थकीत कर्जासाठी दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेल्या.