कूटचलन खननयंत्रातील विद्युतदाब नियमन

कूटचलन खननयंत्रातील विद्युतदाब नियमन म्हणजे बिटकॉइनसारख्या कूटचलनाच्या खननासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रातील चिपांना मिळणारा विद्युतदाब, अर्थात व्होल्टेज, गरजेनुसार वाढविणे किंवा घटविणे होय. चिपा उत्पादकाने ठरविलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वेगाने चालविण्याच्या क्रियेस ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. त्यासाठी बहुधा दाबही वाढवावा लागतो. याउलट दाब कमी करून वीज वाचविण्याच्या पद्धतीस ‘अंडरव्होल्टिंग’ म्हणतात.

पार्श्वभूमी

खनन ही खाणकामाशी संबंध नसलेली गणनप्रक्रिया आहे. एसएचए-२५६ या गणितीय कृतीची अब्जावधी वेळा पुनरावृत्ती करून विशिष्ट मर्यादेपेक्षा लहान उत्तर शोधले जाते. २००९ मध्ये हे काम साध्या संगणकावर होत असे. २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडविलेल्या चिपा प्रचारात आल्या. २०१६ मध्ये आलेल्या अँटमायनर एस९ या यंत्रात ३ हॅशबोर्ड असून प्रत्येकावर ६३ चिपा असतात.

कार्यतत्त्व

एस९ च्या हॅशबोर्डवर चिपांचे ३-३ चे २१ गट एकसरीत जोडलेले असतात. बोर्डाला सुमारे ९ व्होल्ट दाब दिल्यास प्रत्येक गटाच्या वाट्याला ०.४ व्होल्टच्या आसपास दाब येतो. बोर्डावरील नियामक हा दाब आज्ञावलीनुसार बदलतो. एस१९ श्रेणीत हे काम थेट वीजपुरवठा संच करतो.

चिपेला लागणारी शक्ती वारंवारतेच्या सम प्रमाणात, तर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता व दाब दोन्ही १० टक्क्यांनी वाढविल्यास काम १० टक्के वाढते, परंतु वीज सुमारे ३३ टक्के अधिक लागते. दोन्ही १० टक्क्यांनी घटविल्यास काम १० टक्के कमी होते, मात्र वीज सुमारे २७ टक्के वाचते. म्हणून वीज महाग असेल तेथे दाब घटविणे अधिक किफायतशीर ठरते.

मर्यादा व धोके

दाब अपुरा पडल्यास चिपा चुकीची उत्तरे देतात. तो अति झाल्यास उष्णता वाढते, उष्णतेमुळे गळतीधारा वाढते आणि त्यातून पुन्हा उष्णता वाढते. परिणामी चिपा निकामी होणे, जोडण्या वितळणे किंवा आग लागणे संभवते. शिवाय दर २,०१६ ब्लॉकनंतर खननाची काठिण्यपातळी नव्याने ठरते. त्यामुळे सर्वांनीच वेग वाढविल्यास कोणाचाही लाभ टिकत नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

भूतानसारख्या ठिकाणी स्वस्त जलविद्युतेच्या आधारे खनन चालते. सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे; तथापि ती वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि लगतच्या ग्राहकास वेगळा दर मिळत नाही. सुमारे १,३२३ वॅट घेणारे एक एस९ यंत्र अखंड चालल्यास ३० दिवसांत सुमारे ९५० युनिट लागतात. महावितरणच्या घरगुती दररचनेत हा वापर सर्वांत महाग टप्प्यात जातो. घरगुती किंवा शेतीपंपाची जोडणी मंजूर प्रयोजनाव्यतिरिक्त वापरणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर आहे.

चिपेचा दाब आणि घरात येणारा २३० व्होल्टचा दाब या भिन्न गोष्टी आहेत. शेतीपंपांचा भार वाढून पुरवठा १९० व्होल्टपर्यंत खालावल्यास वीजपुरवठा संच चिपांचा दाब कायम राखतो, पण त्यासाठी सुमारे ५.८ ऐवजी ७ अँपिअर धारा ओढतो. त्यामुळे घरातील तारा अधिक तापतात. चिपांचा दाब आधीच वाढविलेला असल्यास हा भार आणखी वाढतो. एस९ यंत्रासाठी सभोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस आहे. उन्हाळ्यात सांगलीचे तापमान या मर्यादेच्या जवळ जात असल्याने तेथे दाब वाढविण्यास फारसा वाव उरत नाही.

करविषयक तरतूद

१ एप्रिल २०२२ पासून भारतात कूटचलनाच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे. संपादनखर्चाखेरीज अन्य वजावट मिळत नाही आणि खननाच्या यंत्रसामग्रीचा खर्च संपादनखर्च मानला जात नाही.

हे सुद्धा पहा

- बिटकॉइन
- ओहमचा नियम
- कोयना जलविद्युत प्रकल्प