सागावरील अळ्या व कीटकनाशकांची चाचणी

वाराणसीच्या दक्षिणेस सोनभद्रच्या टेकड्यांवरील सागाच्या लागवडींपासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या नैसर्गिक सागवनांपर्यंत दोन पतंगांच्या अळ्या या वृक्षाच्या प्रमुख शत्रू मानल्या जातात. हिब्लिया प्युएरा या पतंगाची अळी कोवळ्या पालवीवर तुटून पडते आणि पानाच्या मोठ्या शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. युटेक्टोना मॅकेरॅलिस ही दुसरी, पावसाळ्याच्या उत्तरार्धात जून पानांतील हिरवा भाग खाऊन त्यांची जाळी करते. पानगळ जवळ आलेली असल्याने तिचा उपद्रव दिसतो त्यापेक्षा कमी असतो. पहिलीचे तसे नाही. केरळ वन संशोधन संस्थेने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निलंबूर येथील अभ्यासानुसार, संरक्षण न मिळालेल्या तरुण लागवडीत लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटली होती.

अशा अळ्यांवर कोणते औषध किती प्रभावी आहे, हे प्रथम प्रयोगशाळेत पाहिले जाते. सागाची पाने कमी-अधिक तीव्रतेच्या द्रावणांत बुडवून, सुकवून एकाच वयाच्या अळ्यांना खाऊ घालतात. एका गटाला केवळ पाण्यात बुडवलेली पाने देतात, कारण काही अळ्या औषधाविनाही मरतात. हे मृत्यू वगळण्याचे सूत्र ॲबट यांनी १९२५ मध्ये मांडले. समजा, पाण्याच्या गटात शंभरांपैकी १० आणि औषधाच्या गटात ६४ अळ्या मेल्या; म्हणजे जगलेल्या ९० आणि ३६. तेव्हा औषधाने झालेला मृत्यूदर ६४ नव्हे, तर ६० टक्के धरला जातो. निम्म्या अळ्या ज्या तीव्रतेला मरतात, तिला एलसी-५० म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितके औषध अधिक विषारी. मात्र लहान अळीसाठी काढलेला आकडा पूर्ण वाढलेल्या अळीला लागू पडत नाही. तिला कितीतरी अधिक मात्रा लागते.

प्रयोगशाळेत पहिला क्रमांक मिळवणारे औषध जंगलात चालेलच असे नाही. उंच शेंड्यांवर फवारलेला द्रव अळीवरील परजीवी गांधीलमाश्यांवर पडतो, ओढ्यातही उतरतो. केरळच्या कोन्नी वनविभागात १९६५ मध्ये हवाई फवारणीसाठी एन्ड्रिन वापरले गेले. माशांना अत्यंत घातक असलेले हे रसायन २००१ च्या स्टॉकहोम कराराने निषिद्ध ठरवले. पुढे केरळच्याच संशोधकांनी केवळ या अळीला मारणारा विषाणू शोधला. तो उन्हात लवकर निष्प्रभ होतो आणि लहान अळ्यांवरच नीट चालतो.

वेळ गाठणे हीच खरी अडचण आहे. अळीची वाढ सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण होते. झाडे उघडी पडलेली दुरून दिसू लागतात, तोवर बहुतेक अळ्या धाग्यावरून खाली उतरून पाचोळ्यात कोषावस्थेत गेलेल्या असतात.