चेहऱ्याची तकाकी आणि दिव्यांचा इतिहास

चेहऱ्यावर चमक असावी की नसावी, हा प्रश्न आज निव्वळ आवडीनिवडीचा मानला जातो. कोणी गालांची उंची आणि नाकाचा दांडा उजळून दाखवणाऱ्या तजेलदार रंगभूषेची बाजू घेतो, तर कोणी ‘मॅट’ म्हणजे प्रकाश एका दिशेने परत न फेकता चहूकडे विखुरणाऱ्या, तकाकी नसलेल्या लेपाची. परंतु गेल्या दीडशे वर्षांतील रंगभूषा पाहिली, तर हा कौल रुचीने क्वचितच दिलेला दिसतो. तो बहुधा दिव्यांनी, फिल्मच्या रसायनांनी आणि रंगद्रव्यांच्या कारखान्यांनी दिला, आणि रुची मागाहून त्याच्याशी जुळवून घेत गेली.

मेणबत्त्यांच्या आणि मशालींच्या मंद उजेडात नटाचा चेहरा लांबून दिसावा, एवढीच अपेक्षा असे, आणि त्यासाठी सफेदा किंवा तत्सम पांढरी पूड पुरेशी होती. एकोणिसाव्या शतकात युरोपातील रंगमंचावर प्रकाश वाढत गेला. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात १८३७ मध्ये लाइमलाइट, म्हणजे चुनकळी प्रखर ज्योतीत तापवून मिळवलेला झगझगीत प्रकाश, वापरण्यात आला, आणि १८८१ मध्ये त्याच शहरातील सॅव्हॉय नाट्यगृह विजेच्या दिव्यांनी उजळले. अशा उजेडात कोरडी पूड घामाने ओघळे आणि तिचे ठिगळ स्पष्ट दिसे. लुडविग लाइश्नर या गायकाने १८७३ मध्ये बर्लिनला चरबीत रंगद्रव्य घोटून केलेल्या कांड्यांचा, अर्थात ग्रीजपेंटचा, कारखाना काढला, तेव्हा ही अडचण सुटली. मात्र ग्रीजपेंट चमकते. म्हणून त्यावर पावडर दाबून बसवण्याची रीत पडली, आणि तेल व पावडर यांची ही ओढाताण पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालली.

चित्रपटाने या ओढाताणीला वेगळेच वळण दिले. मूकपटांच्या काळातील ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे लाल ओठ पडद्यावर काळे येत आणि गालांवरची लाली डागासारखी उमटे. शिवाय रंगमंचावरचा जाड लेप जवळून घेतलेल्या दृश्यात तडकलेला दिसे. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये पातळ, लवचिक ग्रीजपेंट तयार केले. बोलपटांबरोबर गुणगुणणारे कार्बन आर्क दिवे मागे पडून टंगस्टनचे निःशब्द दिवे आले, सर्व रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली, आणि १९२८ मध्ये फॅक्टर यांनी तिच्यासाठी रंगछटांची नवी मालिका बेतली. कृष्णधवल पडद्यावर थोडी चमक खपून जात असे, किंबहुना हवीही असे. ओठांवरचा ग्लॉस याच सुमाराचा. टेक्निकलरने मात्र ती सवलत काढून घेतली. प्रकाशकिरण विभागून तीन स्वतंत्र निगेटिव्हवर टिपणाऱ्या या पद्धतीला प्रचंड प्रकाश लागे, आणि तेलकट चेहरा आरशासारखा आजूबाजूचे रंग परतवी, म्हणजे शेजारी हिरवा पडदा असेल तर गालही हिरवट दिसे. यावर उपाय म्हणून टाल्कमध्ये रंग मिसळून दाबलेली, ओल्या स्पंजाने लावायची वडी निघाली, तीच पॅनकेक. ‘व्होग्ज ऑफ १९३८’ या १९३७ च्या रंगीत चित्रपटात ती वापरली गेली आणि पुढच्या वर्षी दुकानांत आली. ज्या मॅट चेहऱ्याला पुढे सुसंस्कृत, नैसर्गिक सौंदर्याचा मान मिळाला, तो मुळात एका कॅमेऱ्याची खोड झाकण्यासाठी घडवला गेला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भारतातील स्टुडिओंनीही पॅनकेक उचलली. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत काम केलेले तमिळ लेखक अशोकमित्रन यांनी तिथे ती गाड्या भरभरून येत असल्याचे आणि रंगभूषा विभागाची सूत्रे एका बंगाली गृहस्थांनंतर एका महाराष्ट्रीय गृहस्थांकडे आल्याचे नमूद केले आहे. चित्रीकरण बहुतांशी बंदिस्त जागेत, तापलेल्या दिव्यांखाली होई. त्यामुळे मेकअपदादाचा निम्मा वेळ घाम टिपण्यात आणि पफ फिरवण्यात जात असावा, असे मानायला हरकत नाही.

तोवर चमक म्हणजे तेल, हे समीकरण कायम होते. ते मोडण्याची बीजे फ्रान्समध्ये सतराव्या शतकातच पडली होती. मणी घडवणाऱ्या जाकँ नावाच्या कारागिराने माशांच्या खवल्यांतील रुपेरी द्रव्य काचेच्या पोकळ मण्यांत भरून कृत्रिम मोती केले. हे द्रव्य म्हणजे ग्वानिन या संयुगाचे चपटे स्फटिक. विसाव्या शतकात ते नखरंगांत आणि ओठांच्या रंगांत आले, पण महागच राहिले. खरा बदल १९६३ मध्ये झाला. त्या वर्षी ड्यूपाँ कंपनीच्या हॉवर्ड लिंटन यांना अमेरिकेत अशा रंगद्रव्यांचे पेटंट मिळाले, ज्यांत अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टिटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवला जातो. थराची जाडी बदलली की परतणाऱ्या किरणांच्या परस्परक्रियेमुळे छटाही रुपेरी, सोनेरी, निळसर अशी बदलते. आता कोरडी पूडही चमकू शकत होती, आणि ती चमक हवी तेवढ्याच जागी, गालाच्या हाडावर किंवा भुवईखाली, बसवता येत होती. आजचे हायलायटर या शोधाचेच अपत्य आहे. तेलकटपणा आणि तजेला यांत आज सहज केला जाणारा भेदही त्यानंतरच खऱ्या अर्थाने शक्य झाला.

या चमकेतील अभ्रकाचा एक मोठा भाग झारखंडमधील कोडरमा आणि गिरिडीह परिसरातून येतो. तिथे बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून ‘ढिबरा’ म्हणजे अभ्रकाचे तुकडे वेचण्याच्या कामात लहान मुलेही असल्याचे उघड झाल्यावर, सौंदर्यप्रसाधन कंपन्यांसह अनेक उद्योगांनी २०१७ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन केली. चमकदार चेहऱ्याऐवजी मॅट चेहरा पसंत केल्याने या प्रश्नापासून सुटका होते, असेही नाही. मोठ्या, चपट्या पापुद्र्यांच्या रूपात चमकणारे हेच खनिज अतिशय बारीक दळले की ते प्रकाश विखुरते, आणि म्हणून अनेक मॅट पावडरींतही ते भरण म्हणून घातले जाते.