पारपत्र व परवाने : कोल्हापूर-गोवा मार्ग

पारपत्र व परवाने : एका राज्याच्या हद्दीतून दुसऱ्या राज्याच्या हद्दीत जाणाऱ्या व्यक्तीस, मालास वा जहाजास सत्ताधीशाने दिलेले लेखी अनुमतिपत्र. कोल्हापूर व गोवा यांच्या दरम्यानच्या वाहतुकीत अशा पत्रांचे तीन प्रमुख प्रकार आढळतात : खुष्कीच्या मार्गावरील दस्तक, समुद्रावरील कार्ताझ व विसाव्या शतकातील पारपत्र. पहिली दोन पत्रे प्रामुख्याने जकात व व्यापारावरील ताबा यांच्याशी निगडित होती. प्रवासी कोणत्या राष्ट्राचा, हा प्रश्न तिसऱ्यानेच उपस्थित केला.

अशा पत्रांची कल्पना भारतात प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष या अधिकाऱ्याचे वर्णन असून, एक माषक घेऊन त्याने प्रवाशास मुद्रा द्यावी, असे सांगितले आहे. मुद्रेवाचून ये-जा करणाऱ्या जनपदवासीयास बारा पण दंड होता. बनावट मुद्रा वापरणाऱ्यास त्याहून मोठा दंड असे व तो परदेशी असल्यास सर्वांत कडक शासन होई.

मराठा अंमलात घाटांतील चौक्यांवर जकात वसूल होई. जकात भरल्याबद्दल अथवा ती माफ असल्याबद्दल व्यापाऱ्यास दस्तक मिळत असे. ते चौकीदारांना उद्देशून लिहिलेले असून, अमुक माल व अमुक जनावरे अडथळा न करता जाऊ द्यावीत, अशी त्यात आज्ञा असे. वारणेच्या तहाने (१७३१) कोल्हापूर व सातारा या गाद्यांच्या सीमा ठरल्या, तरी कोल्हापूरची सीमा गोव्याला कोठेच भिडत नव्हती. मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांचा मुलूख होता. त्यामुळे आंबोलीकडून किंवा फोंडा घाटाने कोकणात उतरून गोव्याकडे जाणाऱ्या मालाला एकाहून अधिक सत्तांच्या चौक्या ओलांडाव्या लागत.

समुद्रावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून कार्ताझची पद्धत सुरू केली. त्यात जहाजाचे नाव, तांडेल, आकारमान, शस्त्रे आणि गंतव्य बंदर यांची नोंद असे. मिरी, घोडे, युद्धसाहित्य इ. मालावर निर्बंध होते व पोर्तुगीज बंदरात जकात भरण्याची अट असे. कार्ताझ नसलेले जहाज जप्त होई. समुद्र ही एका सत्तेची मालमत्ता आहे, हा या पद्धतीमागील दावा किनाऱ्यावरील सत्तांनी मनापासून कधीच मानला नाही. कान्होजी आंग्रे यांनी आपल्या टापूत स्वतःची दस्तके घेण्याची सक्ती करून त्याला उत्तर दिले. कोल्हापूरकरांचे आरमार मालवण-सिंधुदुर्ग येथे होते. इंग्रजांनी १७६५ मध्ये ते ठाणे घेतले, पुढील वर्षी परत केले आणि १८१२ च्या तहाने कायमचे मिळविले. त्यानंतर कोल्हापूरला समुद्रकिनारा उरला नाही.

एकोणिसाव्या शतकात कागदापेक्षा वाहतुकीची साधने अधिक बदलली. इंग्रज-पोर्तुगीज तहानुसार (१८७८) दोन्ही मुलखांत जकातसंघ स्थापन झाला. गोव्यातील मिठाची मक्तेदारी ब्रिटिशांकडे गेली व मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. हा तह १८९२ मध्ये संपुष्टात येऊन सीमेवरील जकात पुन्हा सुरू झाली. दरम्यान मुरगाव बंदर लोहमार्गाने जोडले गेले व १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला. कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीतील आणि कुळे हे पोर्तुगीज हद्दीतील स्थानक. येथील तपासणी मुख्यतः मालाची असे. माणसांची ये-जा नात्यागोत्याने, देवदर्शनाने व विद्येसाठी चालूच होती. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर बालपणी गायन शिकण्यासाठी कोल्हापुरास आल्या, हे तिचे एक परिचित उदाहरण.

व्यक्तीच्या राष्ट्रीयत्वाचा दाखला म्हणून पारपत्र सार्वत्रिक झाले ते पहिल्या महायुद्धामुळे. भारतात १९२० च्या कायद्याने प्रवेशासाठी पारपत्राची तरतूद केली. संस्थानी प्रजाजन ब्रिटिश प्रजा नव्हते. त्यामुळे परदेशी जाणाऱ्या कोल्हापूरच्या रहिवाशास ब्रिटिशरक्षित व्यक्ती म्हणून पारपत्र मिळे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यापूर्वीच तेथील प्रजा भारतीय संघराज्याशी जोडली गेली होती आणि सावंतवाडीपलीकडील सीमा ही आता स्वतंत्र भारताची परराष्ट्रसीमा होती.

तिचे स्वरूप १९५४-५५ मध्ये कठोर झाले. दादरा व नगरहवेली मुक्त झाल्यावर (१९५४) भारताने पोर्तुगीज अधिकाऱ्यांना दमणहून तेथे जाण्यास अनुमती नाकारली. पोर्तुगालने हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेल्या निर्णयात खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता मार्गाधिकार मान्य केला. सशस्त्र दले व शस्त्रास्त्रे यांना तो नाकारला आणि भारताने आपल्या बंधनांचा भंग केला नसल्याचे म्हटले. गोव्याच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींनी पत्रादेवी व अन्य ठिकाणी पोर्तुगीज अनुमतीवाचून प्रवेश केला. गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. परवाना न मागणे हाच या सत्याग्रहाचा आशय होता, कारण तो मागणे म्हणजे गोवा हा परदेश असल्याचे मान्य करणे. त्यानंतर भारताने आर्थिक नाकेबंदी कडक केली, पणजीतील आपली वकिलात बंद केली व रेल्वे वाहतूक थांबली. सीमेच्या दोन्ही बाजूंस विभागलेल्या कुटुंबांना याची झळ पोहोचली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर सीमेवरील तपासणीचे कारण संपले, पण राष्ट्रीयत्वाचा प्रश्न संपला नाही. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने तेथील रहिवासी भारतीय नागरिक ठरले. ज्यांना पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखावयाचे होते, त्यांना तसे घोषित करण्यास एक महिन्याची मुदत होती. अशी घोषणा करणाऱ्या मोंतेरो या धर्मगुरूंना परदेशी व्यक्ती म्हणून निवासाची परवानगी घेणे भाग पडले. मुदतीनंतरही वास्तव्य केल्याबद्दल झालेली त्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये कायम केली. जन्मभूमीत राहणारा मनुष्य कागदाच्या आधारे परका ठरू शकतो, हे या खटल्याने दाखवून दिले.

भारतातून बाहेर जाण्यासाठी आज १९६७ चा पारपत्र अधिनियम लागू आहे. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येतो. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायदा राष्ट्रीयत्वाचा हक्क देतो आणि अनेक गोमंतकीय त्या पारपत्रावर युरोपात जातात. मात्र स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व स्वीकारल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. आंबोलीच्या घाटात आज कोणी दस्तक मागत नाही, परंतु पोर्तुगीज राजवटीने निर्माण केलेला निवडीचा प्रश्न गोव्यातील कुटुंबांपुढे अद्याप उभा आहे.