दाढ काढल्यानंतरची निगा

दाढ काढल्यानंतरची निगा : दात किंवा दाढ काढल्यावर जबड्यात उरलेली खोबण भरून येईपर्यंत घ्यायची काळजी. हिरडी वरून दोन-तीन आठवड्यांत मिटत येते. आतले हाड भरायला मात्र काही महिने लागतात.

दाढ निघताच खोबणीत रक्त साचून गुठळी धरते. खरे औषध तीच. उघडे हाड ती झाकते आणि तिच्याच आधाराने नवे मांस वाढते. डॉक्टर गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायला सांगतात तो ती नीट बसावी म्हणून. ‘थांबलं का’ असे बघायला दर पाच मिनिटांनी बोळा काढला की रक्त पुन्हा सुरू होते. पहिले चोवीस तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, स्ट्रॉने ओढून पिऊ नये, लाळ गिळावी. लाळ लालसर दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही. बाहेरून गालावर बर्फाने थांबून थांबून शेकावे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी तोंडात घेऊन मान कलती करून सोडून द्यावे. खळखळून गुळण्या नकोत.

उदाहरणार्थ, विदर्भातील वाशीम जिल्ह्यातले रिसोड हे तालुक्याचे ठिकाण घ्या. आसपासच्या खेड्यांतले लोक एसटीने येतात, दाढ काढतात आणि बोळा दाताखाली धरूनच परत गाडीत बसतात. निघण्यापूर्वी रक्त थांबल्याची खात्री करणे म्हणूनच इथे शहरापेक्षा महत्त्वाचे. खायला दूधभात, मऊ खिचडी, गार केलेली आंबील चालते. कडक भाकरीचा तुकडा चार-पाच दिवस नको. गुठळीचा मोठा वैरी मात्र जेवण नव्हे, तंबाखू. विदर्भात खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) घोटून गालात धरण्याची सवय खोल रुजली आहे आणि बधिरपणा उतरायच्या आत त्याची पन्नी उघडणारे कमी नाहीत. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण बंदीने जखम भरत नाही; निदान आठवडाभर तोंड रिकामे ठेवावे. बिडी-सिगारेटही तितकीच घातक. खोबणीत हळद, तुरटी किंवा मिश्री दाबणे हा दुसरा घरगुती घोळ. हळद या भागात पिकते म्हणून ती जखमेत भरावीच असे नाही. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हा समज निराधार आहे.

गुठळी निसटली किंवा विरघळली तर खोबणीतले हाड उघडे पडते. दवाखान्यात त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास ठणका उलट वाढतो, कानापर्यंत जातो, तोंडाला दुर्गंधी येते. खालच्या अक्कलदाढेला हे जास्त घडते. हा जंतुसंसर्ग नव्हे, त्यामुळे प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी दुखणे थांबत नाही. डॉक्टर खोबण धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात. पट्टीला बहुधा लवंगेच्या तेलाचा वास येतो, कारण त्यातले युजेनॉल दुखणे बधिर करते. ते तेल घरी कापसावर घेऊन आत कोंबू नये, हिरडी भाजते.

संसर्ग ओळखायचा तो दिवसांच्या हिशेबाने. साधी सूज दोन-तीन दिवसांत टोकाला जाते आणि मग उतरते. तिसऱ्या दिवसानंतरही ती वाढतच असेल, ताप भरला, पू आला, तोंडाला खारट-कडू चव राहिली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. खोबणीवर दिसणारा पांढुरका-पिवळट थर मात्र पू नसतो; तो भरून येण्याचाच भाग असतो आणि काडीने खरवडला की नुकसान होते. जिभेखाली किंवा हनुवटीखाली कडक सूज आली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर सकाळची वाट पाहू नये. 108 वर फोन करून मोठे रुग्णालय गाठावे. जिभेखाली पसरणाऱ्या या संसर्गाला लुडविग अँजायना म्हणतात. जर्मन वैद्य लुडविग यांनी त्याचे वर्णन 1836 मध्ये केले. तो श्वासमार्ग बंद करू शकतो.

मधुमेह्यांची जखम सावकाश भरते. रक्त पातळ करणारी किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतली जाणारी औषधे चालू असतील तर ती मनाने बंद न करता दाढ काढण्यापूर्वीच सांगावीत. गोळ्यांची नावे आठवत नसतील तर रिकामे पाकीटच सोबत न्यावे.